ओपन-वर्ल्ड रेसिंग गेम

ठरावीक ट्रॅकऐवजी सलग भूप्रदेश देऊन त्यात शर्यती मांडणारा व्हिडिओ गेमचा प्रकार. शर्यत चालू नसतानाही गाडी हवी तिकडे नेता येते, हे त्याचे मुख्य लक्षण.

उगम : याविषयी एकमत नाही. ब्रिटनच्या ड्युरेल सॉफ्टवेअरने १९८६ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम व तत्कालीन अन्य घरगुती संगणकांसाठी काढलेला ‘टर्बो एस्प्री’ हा आद्य नमुना असल्याचे अनेकदा सांगितले जाते. त्यात चार शहरे, सिग्नल, एकदिशा रस्ते, पादचारी आणि गाडीचे इंडिकेटरही होते. स्पेक्ट्रमच्या ४८ केबी स्मृतीत एवढे बसवणे ही असामान्य कामगिरी होय. मात्र त्यात शर्यत नाही. अमली पदार्थ वाहून नेणाऱ्या गाड्या गाठणे हे खेळाडूचे काम. त्यामुळे त्याला शहरभर गाडी पळवत गुन्हेगारी कामगिऱ्या करण्याच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या गेमच्या (१९९७) पूर्वजांत धरणे अधिक सयुक्तिक वाटते. स्पेक्ट्रम होलोबाइट या कंपनीच्या ‘व्हेट!’मध्ये (१९८९) सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर प्रतिस्पर्ध्याशी खरी शर्यत लागते आणि वाट बदलण्याची मोकळीकही असते. शर्यत ही कसोटी लावली, तर अग्रमान त्याच्याकडे जातो. प्रकार म्हणून घडी बसली ती साधारणपणे १९९९ मध्ये. एंजल स्टुडिओजच्या ‘मिडटाउन मॅडनेस’ने शिकागो शहर दिले आणि कोणतेही उद्दिष्ट नसलेली भटकंती हा स्वतंत्र पर्याय ठेवला. त्याच वर्षीच्या ‘ड्रायव्हर’मध्येही अशी भटकंती होती, परंतु त्याचा कणा पाठलागाचा आहे.

आकर्षण : दोन शर्यतींच्या मधला रस्ता हेच या प्रकाराचे बळ, असे प्रस्तुत लेखकाचे मत. ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’ने (२००६) हवाईतील ओआहू बेट सुमारे १,६०० किमी. रस्त्यांसह उभे केले. बेटाला निवांत वळसा घालणे हाच अनेकांचा खेळ झाला. ‘फोर्झा होरायझन ४’मध्ये (२०१८) ब्रिटनचे ऋतू बदलतात आणि हिवाळ्यात तळे गोठून त्यावरून नवी वाट मिळते. नुसत्या विस्ताराने हे साधत नाही. ‘फ्युएल’चा (२००९) नकाशा सुमारे १४,४०० चौ. किमी., म्हणजे बीड जिल्ह्याहून (सुमारे १०,६९३ चौ. किमी.) मोठा, तरीही तो ओकाबोका असल्याची टीका झाली.

अडचणी : ‘बर्नआउट पॅरडाइज’मध्ये (२००८) प्रत्येक सिग्नलच्या चौकात शर्यत सुरू करता येई, पण हरल्यास ती तिथल्या तिथे पुन्हा सुरू करण्याची सोय आरंभी नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाहून त्याच चौकात परत यावे लागे. पुढे अपडेटद्वारे ही त्रुटी दूर झाली. कितीही चांगली गाडी चालवली तरी संगणकाच्या गाड्या मुद्दाम जवळ आणून ठेवण्याची युक्ती, ‘रबर-बँडिंग’, ही जुनी तक्रार. नकाशावर खुणांची गर्दी करून भटकंतीचे कामकाज करून टाकणे ही अलीकडची.

सर्वांत गंभीर प्रश्न टिकाऊपणाचा. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ (२०१४) एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेला गेम निकामी ठरला. त्यातून ग्राहकहक्कांची ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. मोटारी व संगीत यांचे परवाने मुदतबंद असल्याने चांगले गेमही विक्रीतून जातात. ‘फोर्झा होरायझन ४’ डिसेंबर २०२४ मध्ये असाच गेला. या प्रकारात प्रदेशच मुख्य असल्यामुळे ही हानी इतर खेळांपेक्षा मोठी मानावी लागते.

मराठवाड्यात : येथे प्रामुख्याने मोबाइलवरील गेम खेळले जातात. ‘फोर्झा होरायझन ५’ला (२०२१) शंभर जीबीहून अधिक जागा लागते, मोबाइल डेटावर आणि खंडित विजेवर तो उतरवणे कठीण. जवळचा प्रकार म्हणजे मालेओ कंपनीचा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ (२०१७). त्यात बसला हवा तो रंग देता येत असल्याने खेळाडूंनी एसटीच्या लालपरीचे स्किन तयार केले. एसटीच्या बस जिथे बांधल्या जातात त्या कार्यशाळांपैकी एक छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाण्यात आहे. मूळ नकाशा मात्र इंडोनेशियाचा; भारतीय रस्ते व घाट खेळाडूंनीच बनवलेल्या मॉडमधून (मूळ गेममध्ये घालायच्या पुरवणी फाइलींतून) मिळतात. गेमची आवृत्ती बदलली की असे मॉड अनेकदा चालेनासे होतात.