आलप्पुळाला निघण्यापूर्वी: आमच्या ठाणेकर प्रवाशांसाठी माहितीपत्रक

आमच्या नौपाड्यातल्या ऑफिसात केरळची चौकशी करायला येणारे बहुतेक जण खुर्चीत बसता बसताच सांगतात, "हाउसबोट हवी, दोन रात्री." आम्ही त्यांना आधी एक रात्र कमी करायला सांगतो. यात आमचंच बिल कमी होतं, हे मान्य. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीवर नेमकं करायचं काय, हा प्रश्न घरातल्या सगळ्यांना पडतो, आणि ज्याच्यासाठी एवढं लांब जायचं तो जिल्हा बघायचाच राहून जातो.

आलप्पुळा, म्हणजे जुनं अलेप्पी, हा केरळचा सर्वांत लहान जिल्हा. क्षेत्रफळ १,४१४ चौरस किलोमीटर. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला वेंबनाड तलाव आणि मध्ये नद्या, कालवे, भातशेती. घाटरस्ता नाही, त्यामुळे आजी-आजोबा बरोबर असतील तर मुन्नारपेक्षा इथे दोन दिवस जास्त ठेवा. कुमरकोमचं नाव अनेक जण याच यादीत घालतात, पण ते तलावाच्या पलीकडच्या काठाला, कोट्टायम जिल्ह्यात आहे.

जायचं कसं

ठाणे आणि पनवेल दोन्हीकडे थांबणारी नेत्रावती एक्सप्रेस थेट आलप्पुळा स्टेशनात उतरवते. इथून दुपारी निघायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचायचं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश धावतात, तेव्हा पोचल्या दिवशीच बोटीवर चढायचा बेत करू नका. एरवीही नको, कारण हाउसबोटीचा दिवस दुपारी बाराच्या सुमारास सुरू होतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्याच्या, दिवाळीच्या तारखा पहिल्याच सकाळी जातात. विमानाने गेलात तर कोची विमानतळापासून आलप्पुळा साधारण ८० किलोमीटर आहे.

कधी जायचं

दिवाळीच्या सुट्टीबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे दसऱ्यापर्यंत पाऊस उरकतो. केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा दुसरा पाऊस असतो, आणि तो बहुधा दुपारनंतर विजांसह येतो. सहल रद्द करण्याएवढं काही नसतं, पण फिरणं सकाळी उरकावं आणि छत्री बॅगेत तळाशी नको, वर ठेवावी. आमच्या मते सगळ्यांत चांगला काळ डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. हवा बरी असते हे एक, आणि कुट्टनाड या इथल्या सखल भातशेतीच्या पट्ट्यातलं भात तेव्हा हिरवंगार उभं असतं हे त्याहून महत्त्वाचं.

कुट्टनाड: हे नीट बघा

समुद्रसपाटीच्या खाली शेती चालते असे प्रदेश जगात थोडे आहेत, आणि त्यांतला एक इथे आहे. कुट्टनाडातली काही शेतं समुद्रसपाटीपेक्षा दोन-अडीच मीटर खाली आहेत. तुमची बोट कालव्यातून जाते तेव्हा बाजूचं शेत वर नसतं, खाली असतं. मध्ये फक्त मातीचा बांध, त्या बांधावरच घरं, नारळ आणि शाळेत निघालेली पोरं. ठाणे-रायगडच्या खारबंधाऱ्यांशी ज्यांच्या घराचा संबंध आहे त्यांना ही रचना लगेच कळेल. फरक इतकाच की इथे बांध घालून भागत नाही, आतलं पाणी पंपाने सतत बाहेर उपसावं लागतं. पूर्वी हे काम पायाने फिरवायच्या लाकडी चाकांवर चालायचं. तलावाचा भाग आटवून चित्तिरा, मार्तांडम आणि राणी ही अफाट शेतं गेल्या शतकात तयार केली ती जोसेफ मुरिक्कन या शेतकऱ्याने. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

मुख्य पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेरतात आणि मार्च-एप्रिलला कापतात. कापणी झाली की रिकाम्या शेतात बदकांचे कळप सोडतात, शेकड्यांनी. तेव्हा जाणाऱ्यांना हिरवाई मिळत नाही, पण हा तमाशा मिळतो आणि बदकाचा रस्साही.

आता पाण्याबद्दल. समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कमला मोठा बंधारा आहे, त्याची दारं कोरड्या महिन्यांत बंद असतात. भात वाचतं, पण पाणी अडल्यामुळे जलपर्णी माजते आणि माशांची ये-जा थांबते. त्यावरून शेतकरी आणि कोळी यांच्यात बऱ्याच वर्षांची तेढ आहे. जलपर्णी पाहून "किती छान हिरवा गालिचा" म्हणणारे प्रवासी असतात. तुमच्या बोटवाल्याला तसं म्हणू नका, पंख्यात अडकली की काढावी त्यालाच लागते.

हाउसबोट: एक रात्र, पण नीट

या बोटी मुळात भाताची पोती वाहणाऱ्या केट्टुवळ्ळम. लाकडी फळ्या खिळ्यांशिवाय, काथ्याच्या दोराने बांधलेल्या. आजच्या बोटींवर खोल्या, संडास, स्वयंपाकघर सगळं असतं. बऱ्याचशा बोटी पुन्नमडा भागातून सुटतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास परत सोडतात.

दोन तक्रारी आमच्याकडे कायम येतात, म्हणून आधीच. संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला बांधतात. त्यानंतर कोळ्यांची जाळी पडतात, कोणालाही फिरता येत नाही, जास्त पैसे देऊनही नाही. आणि साध्या दराच्या बोटीवर एसी रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच चालतो. दिवसा हवा असेल तर तसं बुकिंग वेगळं करावं लागतं, आणि ते आम्ही तुम्हाला विचारूनच करतो. डासांचं मलम घ्या. चढल्या चढल्या माणशी एक लाइफ जॅकेट आहे का ते मोजा. नसेल तर बोट सुटायच्या आत आम्हाला फोन करा, सुटल्यावर नको.

मोठी बोट अरुंद कालव्यांत शिरू शकत नाही. म्हणून दुसरी रात्र कैनकरी किंवा चंपक्कुळमच्या बाजूला गावातल्या घरी राहावं आणि पहाटे छोट्या होडीने किंवा शिकाऱ्याने निघावं, असं आमचं आग्रहाचं सांगणं. आणखी स्वस्त हवं तर केरळ राज्य जलवाहतूक विभागाच्या प्रवासी बोटी आहेत. आलप्पुळा ते कोट्टायम साधारण अडीच तास, तिकीट किरकोळ, बरोबर भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका आणि कॉलेजची मुलं. आमचे काही जुने ग्राहक याच फेरीसाठी परत जातात.

बोटीबाहेर

अंबलप्पुळाचं श्रीकृष्ण मंदिर दूध-तांदळाच्या पायसासाठी प्रसिद्ध आहे. कथा अशी: कृष्ण साधूच्या वेषात राजाबरोबर बुद्धिबळ खेळला. पणात पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, पुढे प्रत्येक घरात दुप्पट. राजा हरला, चौसष्टाव्या घरापर्यंतचं देणं फिटेना, तेव्हा ते पायसाच्या रूपाने फेडत राहायचं ठरलं. पुरुषांना सदरा काढून आत जावं लागतं. जवळच करुमाडीला काळ्या दगडातली, एक बाजू तुटलेली बुद्धमूर्ती आहे. पाच मिनिटांचं काम, पण चुकवू नका. कायमकुळमजवळच्या कृष्णपुरम राजवाड्यात गजेंद्रमोक्षाचं भलंमोठं भित्तिचित्र आहे.

शहरात १८६२ चं दीपगृह आहे आणि किनाऱ्यावर जुन्या धक्क्याचे खांब. काथ्याचा भारतातला पहिला कारखाना १८५९ मध्ये जेम्स डॅरा याने इथेच काढला. कलवूरला काथ्याचं संग्रहालय आहे, पायपुसणी तिथल्या आसपास घ्या. शांत किनारा हवा तर उत्तरेला मरारी. पक्षी बघायचे तर मुहम्माहून होडीने पातिरामणल बेट.

नेहरू चषकाच्या नौकाशर्यतीसाठी जायचं तर आधी तारीख पक्की होऊ द्या. १९५२ मध्ये पंडित नेहरूंसमोर शर्यत झाली आणि ते भारावून विजेत्या बोटीत चढले, तिथून ही परंपरा. शंभर फुटांहून लांब सर्पनौका, शंभराच्या आसपास वल्हेकरी. ऑगस्टचा दुसरा शनिवार हा जुना नेम, पण २०२४ मध्ये वायनाडच्या दरडींमुळे शर्यत २८ सप्टेंबरला झाली. त्यामुळे या सहलीसाठी परत न मिळणारं तिकीट आम्ही काढत नाही.

जेवण

करिमीन, म्हणजे कोकणातला काळुंदर, केळीच्या पानात भाजलेला मागा. भात लालसर, जाड दाण्याचा असतो. पांढरा हवा असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. स्वयंपाक खोबरेल तेलात होतो. शाकाहारी आणि जैन मंडळींनी हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं, कारण बोटीवर किराणा एकदाच, सुटण्याआधी भरतात.

बुकिंगसाठी येताना प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत आणा, लहान मुलांचीही. कोणाला गुडघ्याचा त्रास असेल तर तेही सांगा, म्हणजे खालच्या मजल्यावर खोली असलेली आणि जिन्याशिवाय चढता येईल अशी बोट ठरवता येते.