पाण्यावर चढत गेलेली आग

१४ एप्रिल जवळ आला की आम्हा इंदूरकरांना महूची गर्दी आठवते. बाबासाहेबांच्या जन्मस्थानाकडे जाणारा रस्ता त्या दिवशी माणसांनी फुललेला असतो. देशभरातला अग्निशमन सेवा सप्ताहही त्याच दिवशी सुरू होतो. आणि आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक जुना मजकूर दरवर्षी न चुकता येतो: १९४४ साली जपान्यांनी मुंबई बंदर उडवलं, शहरावर सोन्याचा पाऊस पडला, टायटॅनिकही १४ एप्रिललाच हिमनगावर आदळली होती, म्हणून ही तारीखच अशुभ.

सोन्याचं खरं आहे. मुंबईच्या गोदीत फुटलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर सोन्याच्या विटा होत्या, एकेक पावणेतेरा किलोच्या आसपास, आणि त्यातल्या काही पुढे कित्येक वर्षांनी बंदरातला गाळ उपसताना सापडल्या. जपान्यांचा मात्र काही संबंध नाही. घातपाताची शंका तेव्हाही घेतली गेली, पण चौकशीत तो अपघातच ठरला. तारखेचं म्हणाल तर बुडालेली आणि जळालेली जहाजं हजारो आणि वर्षाचे दिवस ३६५. कुठल्याही तारखेला दोन अपघात सापडतातच. शोधायला बसलेल्याला तीन सापडतात. अशा मजकुरात खरा गुन्हेगार कधीच नसतो, तो म्हणजे कापूस.

‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा. वाटेत कराचीला कापसाच्या हजारो गाठी चढवल्या होत्या. शिवाय लाकूड, भंगार आणि तेलाची पिंपं. दोन नंबरच्या कप्प्यात तळाला कापूस आणि वरच्या मजल्यावर स्फोटकं अशी रचना होती. शांततेच्या काळात असं जहाज लाल बावटा लावून बाहेर उभं राहिलं असतं आणि माल होड्यांतून उतरला असता. युद्धाच्या घाईत ते सगळं बाजूला पडलं. १४ तारखेला दुपारी धूर दिसला. बंबवाल्यांनी कप्प्यात ९०० टनांवर पाणी ओतलं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकानेही धक्का टिपला. अधिकृत आकड्यांनुसारच मेलेल्यांची संख्या शेकड्यांत होती. त्यांत ६६ अग्निशमन जवान होते. तो सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ.

आता प्रश्न असा की इतकं पाणी ओतूनही आग विझली कशी नाही?

याचं उत्तर आमच्या निमाडात कुठल्याही जिनिंगवाल्याला विचारा. सेंधव्याच्या एका जिनच्या आवारात मी पाहिलं होतं: सगळ्या गाठी थप्पीला लागलेल्या आणि एक गाठ लांब, उन्हात, एकटीच. मुकादम येताजाता तिच्या लोखंडी पट्टीवर तळवा टेकवून पुढे जायचा. विचारलं तर म्हणाला, “इसके पेट में आग है कि नहीं, देख रहे हैं.” कपाशीबरोबर एखादा खडा किंवा खिळा यंत्रात गेला की ठिणगी उडते, ती रुईत शिरते आणि रुई प्रेसमध्ये दाबली जाते. वरून गाठ पांढरीशुभ्र, आत निखारा. तो दिवसेंदिवस धुमसू शकतो आणि अचानक पेट घेतो.

कापसाचा तंतू म्हणजे आतून पोकळ नळी. १७० किलोच्या घट्ट गाठीतही लाखो तंतूंच्या आत आणि मध्ये हवा अडकलेली असते. ज्वाळेला ती पुरत नाही, धुमसायला पुरते. बाफल्यांसाठी पेटवलेली गोवरी राखेखाली जशी तासन्‌तास लाल राहते, तसंच. त्यात कच्च्या रुईवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, म्हणून पाणी तिच्यात सहज मुरत नाही. गाठ भिजते ती बाहेरून. आणि मुख्य म्हणजे गाठ पाण्यापेक्षा हलकी असते, ती तरंगते.

तरंगते, म्हणजे कप्प्यात पाणी जितकं चढेल तितकी जळती गाठ वर जाणार. आणि वर काय होतं ते सांगितलंच आहे. बंबवाल्यांनी जीव धोक्यात घालून ओतलेल्या पाण्याने आगीला स्फोटकांच्या मजल्यापर्यंत उचलून नेलं.

तरीही दोन तास का लागले? कारण टीएनटीसारखी स्फोटकं पेटली की लगेच फुटतात असं नाही. उघड्यावर थोडंसं टीएनटी पेटवलं तर ते काळा धूर सोडत नुसतं जळतं. गंमत पुढेच आहे. एक किलो टीएनटीच्या स्फोटात साधारण ४.२ मेगाज्यूल ऊर्जा निघते. एक किलो कापूस पूर्ण जाळला तर १६ मेगाज्यूलच्या आसपास. म्हणजे कापसात चौपट! मग कापसाने गोदी का उडत नाही? कारण कापसाला ऑक्सिजन बाहेरून, हवेतून घ्यावा लागतो आणि तो हळूहळूच पोचतो. टीएनटीच्या रेणूत इंधन आणि ऑक्सिजन शेजारी शेजारी बांधलेले असतात. बाहेरून काहीच यावं लागत नाही.

साधं जळताना उष्णता एका थरातून दुसऱ्या थरात झिरपते. पण जागा बंदिस्त असेल तर तयार झालेला वायू कोंडतो, दाब वाढतो. दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की वायू आणखी, दाब आणखी. हे चक्र एका मर्यादेपलीकडे गेलं की दाबाची लाट स्वतःच पुढचा थर इतक्या जोरात दाबते की दाबल्यानेच तो तापून विघटित होतो. आता आगीला झिरपायची गरज उरत नाही. लाट सेकंदाला जवळजवळ ७ किलोमीटर धावते. हवेतला आवाज जेमतेम एक तृतीयांश किलोमीटर जातो. हिशोब करून पाहू. एक किलो टीएनटीचा ठोकळा साडेआठ सेंटिमीटर बाजूचा. लाट तो सुमारे १२ मायक्रोसेकंदांत पार करते. ४.२ मेगाज्यूल भागिले १२ मायक्रोसेकंद म्हणजे साडेतीनशे गिगावॉट. मे २०२४ मध्ये भारताने विजेच्या मागणीचा विक्रम केला तो २५० गिगावॉटचा. एका किलोच्या ठोकळ्याची शक्ती त्याहून जास्त, फक्त डोळ्याची पापणी हलायला जितका वेळ लागतो त्याच्या काही हजाराव्या भागापुरती.

हाच रेणूतला ऑक्सिजन टेक्सास सिटीत नडला. १६ एप्रिल १९४७, ‘ग्रँडकॅम्प’ जहाज, सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट खत. युद्ध संपलेलं. आग लागल्यावर पाण्याने माल खराब होईल म्हणून कप्तानाने कप्प्याची झाकणं लावून आत वाफ सोडायला सांगितलं. हवा तोडून आग मारायची ही रीत लाकडाला चालते, अगदी कापसालाही काही प्रमाणात. पण नायट्रेट तापलं की स्वतःच ऑक्सिजन पुरवतं. वाफेने ते आणखी तापलं, झाकणांनी दाब कोंडला. किमान ५८१ माणसं गेली. मुंबईत पाणी घातलं ते चुकलं आणि टेक्सासमध्ये घातलं नाही ते चुकलं, असा हा विचित्र मामला.

२०२० साली बैरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं, तेव्हा आपल्याकडे काही वाहिन्यांनी खताच्या दुकानांवर कॅमेरे लावले होते. त्यासाठी एवढंच: सहकारी सोसायटीतून मिळतो तो युरिया वेगळा पदार्थ, त्यात नायट्रेट नाही. अमोनियम नायट्रेटच्या साठ्याला आणि वाहतुकीला भारतात २०१२ पासून स्वतंत्र नियम आणि परवाना आहे. गव्हाला युरिया टाकणाऱ्या सांवेरच्या शेतकऱ्याने पोतं कोरड्या जागी ठेवावं, ते त्याची ढेकळं होऊ नयेत म्हणून.