आतडी बाहेर, पण पिशवीत की उघडी?

चुलत वहिनीचा फोन आला तो नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरच्या एका सोनोग्राफी सेंटरच्या जिन्यातूनच. पाचवा महिना, पहिलटकरीण, वय जेमतेम वीस. "बाळाची आतडी पोटाबाहेर आहेत म्हणतात हो. खाली करा म्हणाले." रिपोर्टवर एवढंच होतं : पोटाच्या भिंतीत दोष, आतडी बाहेर. ती घरी पोचेपर्यंत काकूंनी ग्रहणात भाजी चिरल्याचं कारणही शोधून ठेवलं होतं.

त्या एका ओळीत दोन वेगळी व्यंगं मावतात : गॅस्ट्रोस्किसिस आणि ओम्फॅलोसील. दुसऱ्याला काही रिपोर्टांत एक्झोम्फॅलोस लिहितात, म्हणजे गोंधळात भर.

गरोदरपणाच्या आठव्या आठवड्याच्या सुमारास प्रत्येक गर्भाची आतडी काही दिवस नाळेत मुक्कामाला जातात. पोटात तेव्हा त्यांना पुरेशी जागा नसते. बाराव्या आठवड्यापर्यंत ती परत येतात. (म्हणून त्याआधीच्या सोनोग्राफीत आतडी बाहेर दिसली तर घाबरायचं नसतं.) ओम्फॅलोसीलमध्ये ही माहेरी गेलेली आतडी सासरी परततच नाहीत. ती बेंबीच्या जागीच, पातळ पडद्याच्या पिशवीत राहतात. कधी यकृतही त्यांच्यासोबत असतं आणि नाळ त्या पिशवीलाच जोडलेली असते. गॅस्ट्रोस्किसिसमध्ये नाळ आपल्या जागी ठीक असते. तिच्या शेजारी, बहुतेकदा उजवीकडे, पोटाच्या भिंतीला भोक असतं आणि त्यातून आतडी थेट गर्भजलात तरंगतात. पिशवी नाही, पडदा नाही. ग्रहणाचा यातल्या कशाशीही संबंध नाही.

उघडी आतडी पाहून कुणाचंही काळीज हलेल, आणि पिशवीतली त्यामानाने सुखरूप वाटतील. प्रत्यक्षात जास्त विचार करायला लावते ती पिशवीच. ओम्फॅलोसीलसोबत हृदयातले दोष, ट्रायसोमी १८ किंवा १३ असे गुणसूत्रांचे दोष, किंवा मोठी जीभ आणि जन्मताच साखर उतरणं असलेला बेकविथ-वीडमन सिंड्रोम येऊ शकतो. म्हणून तिथे पुढचा कागद असतो गर्भाच्या हृदयाच्या टूडी इकोचा आणि गर्भजल तपासणीचा. गॅस्ट्रोस्किसिसचं बाळ बहुधा बाकी धडधाकट असतं. ते कमी वयाच्या आयांमध्ये जास्त आढळतं. दहातल्या साधारण एका बाळाचं आतडं मध्येच बंद असतं, पण गुणसूत्रांची भीती फारशी नसते. खाली करायचं की नाही हा निर्णय घरच्यांचा, पण तो या फरकावर उभा राहायला हवा. आणि गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांपुढेही वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं. जिन्यात उभं राहून ठरवायची काही गरज नव्हती.

जन्मानंतर मात्र घाईची बाजू उलटते. ओम्फॅलोसीलची पिशवी फुटलेली नसेल तर वेळ मिळतो. फार मोठी असेल तर सर्जन तिच्यावर मलम लावत आठवडेच्या आठवडे थांबतात, हळूहळू त्वचा चढते आणि ऑपरेशन नंतर होतं. गॅस्ट्रोस्किसिसमध्ये थांबायला सवड नसते. उघड्या आतड्यांवाटे बाळाची ऊब आणि पाणी उडून जातं. बाळाला काखेपर्यंत स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं, उजव्या कुशीवर निजवायचं म्हणजे आतड्यांना पीळ पडून रक्त अडत नाही, नाकातून नळी, शिरेतून सलाईन. आतडी एकदम आत मावत नसतील तर सायलो नावाची पिशवी भोकावर बसवून वर टांगतात आणि रोज थोडी थोडी आत सरकवतात. तयार सायलो महाग पडतो, म्हणून आपल्याकडे सर्जनांनी युरोबॅग, म्हणजे लघवी साठवायची पिशवी, कापूनही तो शिवला आहे. मला या सगळ्या संशोधनातलं हे सर्वांत आवडतं.

भाऊने मोबाइलवर काहीतरी पाहिलं होतं : "पोटातच ऑपरेशन करतात ना आता?" करतात, पण यासाठी नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या 'मॉम्स' चाचणीने दाखवलं की पाठीच्या कण्याच्या उघड्या दोषाचं, म्हणजे मायलोमेनिंगोसीलचं, ऑपरेशन २६ आठवड्यांच्या आत गर्भातच केलं तर मेंदूत साठलेलं पाणी काढायला शंट नावाची नळी लागण्याचं प्रमाण ८२ वरून ४० टक्क्यांवर येतं. मात्र त्या गटातली ७९ टक्के बाळं वेळेआधी जन्मली. तिथे दर आठवड्याला उघड्या मज्जातंतूंचं नुकसान वाढत असतं, म्हणून आईच्या पोटावर सुरी चालवणं परवडतं. आतड्यांबाबत तसा फायदा सिद्ध झालेला नाही. नेहमीच्या सिझेरियननेही गॅस्ट्रोस्किसिसच्या बाळाचं भलं होतं असं दिसलेलं नाही.

बाळ कुठे जन्मतं याला मात्र फार किंमत आहे. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'ने ७४ देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास छापला. गॅस्ट्रोस्किसिसचे मृत्यू श्रीमंत देशांत १.४ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३१.९, गरीब देशांत ९०. दोष तोच. फरक आहे तो लवकर निदान, वेळेत पोचणं, नवजात अतिदक्षता आणि शिरेतून पोषण यांचा. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यात बाळंत होऊन बाळ मग घाट उतरवत मुंबईला न्यायचं, आणि बाळ पोटात असतानाच आईला तिथे न्यायचं, यातला फरक त्या आकड्यांत आहे.

दुसऱ्या सोनोलॉजिस्टने आधी नाळ शोधली. ती बेंबीत होती, आतडी उजवीकडे, भोवती पडदा नव्हता. छत्तिसावा आठवडा लागायच्या आत वहिनी कल्याणला मावशीकडे राहायला गेली. बॅगेत बाळंतविडा होता, आणि वर, हाताशी येईल असा, तो दुसरा रिपोर्ट.