शेवटचा पेग किती वाजता?

रात्री दीडला बैठक मोडली. चार तास झोप, गार पाण्याने आंघोळ, वर कडक चहा. आता उतरली असं वाटतं आणि साडेसहाला माणूस गाडीची किल्ली उचलतो. गेलेली असते ती फक्त गुंगी. दारू रक्तात असू शकते, कायद्याची हद्द ओलांडण्याइतकी.

कारण दारूचा निचरा यकृत करतं आणि ते घाई करत नाही. तिथलं एक विकर (एन्झाइम) दारूचं विषारी अॅसिटाल्डिहाइड बनवतं, दुसरं त्याचं निरुपद्रवी अॅसिटेट. पहिलं विकर थोड्याच दारूत पूर्ण गुंततं. मग टोलनाक्यावर एकच खिडकी उघडी असल्यासारखं होतं: रांग वाढली तरी वेग तोच. साधारण तासाला, 100 मिलिलिटर रक्तामागे 15 मिलिग्रॅम. लिंबूपाण्याने हा वेग वाढत नाही, कॉफीनेही नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. जीव गेला तर गोष्ट दंडावर थांबत नाही. 2006 साली मुंबईत कार्टर रोडला रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के, म्हणजे 112 मिलिग्रॅम दारू निघाली. सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. 112 वरून 30 वर यायला साडेपाच तास लागतात. तेवढं थांबणं त्या सात जणांच्या जिवापुढे काहीच नव्हतं.

"मला चढतच नाही" म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. दारू मेंदूला ब्रेक लावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या ब्रेकवर मात करायला सतत अॅक्सिलरेटर दाबून ठेवायला शिकतो. माणूस सरळ चालतो, नीट बोलतो, पण यकृताला यातली काही सूट मिळत नाही. आणि एक दिवस ब्रेक अचानक सुटतो.

तो बऱ्याचदा सुटतो हाडांच्या वॉर्डात. अपघात झालेला, पायाला प्लास्टर, दारू बंद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, घाम फुटतो, चादरीवर मुंग्या दिसतात. पेशंट सलाईन उपसून काढतो, बायकोला ओळखत नाही. घरचे म्हणतात, डोक्याला मार लागलाय. हा असतो दारू तुटल्याने झालेला वात (भ्रम), डिलिरियम ट्रेमेन्स, आणि उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. उपचार आहेत: मेंदू शांत करणारी औषधं, आणि ग्लुकोज चढवण्याआधी ब-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. ते राहिलं तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

पण भरती करताना डॉक्टरांनी विचारलेलं असतं, "पितात का?" आणि पोलीस केसच्या धास्तीने उत्तर आलेलं असतं, "कधीतरी, लग्नाकार्यात." पोलिसांना हवा असतो त्या रात्रीचा आकडा, आणि तो रक्ताच्या नमुन्यातून निघतोच. डॉक्टरांना हवं असतं दुसरंच: रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी. तिसऱ्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बायको हळूच सांगते, "रोज क्वार्टर. बारा वर्षं. शेवटची रविवारी, दहाच्या सुमारास." सिस्टर ते केसपेपरवर लिहिते आणि औषधं आणायला धावते.