बाइक फिट आला कुठून

भर शर्यतीत बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स पाना काढून सीट वर-खाली करायचा. ही त्याची लहर नव्हती. सप्टेंबर 1969 मध्ये फ्रान्समधल्या ब्लुआ इथे ट्रॅकवर अपघात झाला. त्याला वेग देण्यासाठी पुढे पेसरची छोटी मोटरगाडी चालवणारा फर्नांद वांब्स्त जागीच गेला आणि मर्क्सचं कमरेचं हाड सरकलं. पुढे त्याने आणखी चार वेळा टूर द फ्रान्स जिंकली, पण सायकलवर पूर्वीसारखं बसणं त्याला कधीच जमलं नाही. जगातल्या सर्वोत्तम सायकलपटूलाही आपली सीट नेमकी कुठे हवी हे हाताने चाचपडतच शोधावं लागत होतं. तेच मोजमाप घेऊन शोधणं, म्हणजे सीट, हँडल आणि पेडल चालवणाऱ्याच्या अंगाला जुळवणं, याला बाइक फिट म्हणतात.

शास्त्र मात्र तोवर सुरू झालं होतं. 1967 मध्ये हॅम्ली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी सांगितलं, की जांघेपासून जमिनीपर्यंतच्या पायाच्या उंचीच्या 109 टक्के अंतर खालच्या पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवावं. नंतर फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमारचा 0.883 हा गुणक आला. त्याने पायाची उंची गुणून येणारं अंतर क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, जिथे फिरतो त्या आसापासून मोजायचं. गिमारकडे तयार झालेला सायकलपटू ग्रेग लेमाँड याच्यामुळे हा गुणक अमेरिकेत पसरला. पायाची उंची 83 सेंटिमीटर धरा. गिमारच्या हिशेबाने सीट 73.3 सेंटिमीटरवर येते. हॅम्ली-थॉमसच्या हिशेबातून 170 मिलिमीटरचा क्रँक वजा केला की 73.5. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन फरक जेमतेम 2 मिलिमीटरचा! म्हणून सुरुवात करायला ही सूत्रं आजही उत्तम आहेत. पण पायाची उंची सारखी असलेल्या दोघांच्या बुटांचा तळ, पाऊल आणि मांडीमागच्या स्नायूंची लवचीकता वेगळी असते, हे त्यांना कळत नाही.

फिटिंगची खरी गरज भासली ती गुडघ्यांमुळे. 1985 मध्ये फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनोने लुक कंपनीच्या क्लिपलेस पेडलवर टूर जिंकली आणि ती पेडल सगळीकडे पसरली. या पेडलमध्ये बुटाच्या तळाला लावलेली क्लीट नावाची पट्टी खटकन अडकते. सुरुवातीच्या क्लीटमध्ये पाऊल एकाच कोनात जखडलं जायचं. क्लीट थोडी जरी वाकडी बसली तरी तासाला पाच हजारांच्या आसपास फेऱ्यांमध्ये गुडघा तेवढाच पिळला जायचा. बिल फॅरेलच्या ‘फिट किट’ या मापं घ्यायच्या संचामध्ये म्हणूनच क्लीटचा कोन ठरवायचं वेगळं उपकरण होतं.

नव्वदच्या दशकात जायंट या सायकल कंपनीने वरची नळी सीटकडे उतरती असलेली फ्रेम मोजक्याच साइजमध्ये आणली. मापाने फ्रेम बांधून देणारा कारागीर मागे पडला आणि त्याचं काम स्टेम (हँडल धरणारा आखूड दांडा), सीटपोस्ट (सीटचा दांडा) आणि ते जुळवून देणाऱ्या फिटरवर आलं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सुरू झालेल्या रेट्युल कंपनीने अंगावर मार्कर लावून पेडल मारतानाच सांध्यांचे कोन मोजायला सुरुवात केली. 2012 मध्ये ती कंपनी स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने घेतली.

यातून सायकलला मिळतं काय? माझ्या मते वेगाची आशा धरून फिटिंगला जाऊ नये. सीट मुळात बरोबर असेल तर वेग फारसा वाढत नाही. बदलते ती बैठक. हँडल लांब पडत असेल तर माणूस हातांवर रेलतो, करंगळी बधिर होते, मान आखडते, आणि घट्ट धरलेल्या हँडलमुळे वळणावर सायकल अडखळल्यासारखी वाटते. स्टेम 10 मिलिमीटरने आखूड केला आणि सीट जागेवर आली की वजन कमरेवर जातं, कोपर सैल पडतात आणि तीच फ्रेम हलकी, आज्ञाधारक वाटू लागते. 200-300 किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्या, करणाऱ्यांना हा फरक शंभर किलोमीटरनंतर फार जाणवतो. सीट बरीच वर न्यायची असेल तर मात्र ती थोडी थोडी चढवून घ्यावी. स्नायूंना नव्या उंचीची सवय व्हायला काही आठवडे लागतात.