हाडाला जन्मतारीख कळत नाही

बेळगाव-खानापूरकडच्या पन्नाशीतल्या माणसांना वाढदिवस विचारा, १ जून सांगणारे ढिगानं भेटतील. डोक्यावरून हात नेऊन पोराच्या बोटांना पलीकडचा कान लागला की गुरुजी त्याला शाळेत घेत आणि रजिस्टरात सोयीची तारीख चढवत. पेन्शनीपुरतं ते खपून गेलं. फौजदारी प्रकरणात मात्र अशा तारखेवर सगळा खटलाच फिरतो.

गुन्हा घडला त्या दिवशी (पकडलं त्या दिवशी नव्हे) वय अठराच्या आत असेल, तर मुलगा बाल न्याय मंडळापुढे जातो. त्याला हिंडलग्याच्या तुरुंगात ठेवता येत नाही; विशेष गृहात फार तर तीन वर्षं. सोळा पूर्ण झालेली असतील आणि गुन्हा किमान सात वर्षं शिक्षेचा असेल, तर मंडळ त्याची समज तपासून प्रकरण बाल न्यायालयाकडे धाडू शकतं; तिथं मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. फाशी तिथंही नाही.

म्हणजे रेघा दोन, सोळाची आणि अठराची. कागद नसला तर त्या हाडांत शोधायच्या.

लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची पातळ चकती असते, हाड तिथून वाढतं. एक्स-रेत ती काळ्या फटीसारखी दिसते. वयात येताना संप्रेरकं, मुलांमध्येसुद्धा मुख्यतः इस्ट्रोजेन, ही चकती बुजवतात आणि फट मिटते. मुलांचं कोपर साधारण सोळाच्या सुमारास जुळतं, मनगट अठराच्या आसपास, कमरेच्या हाडाची कड त्याहून उशिरा. मुलींमध्ये हे सगळं वर्ष-दोन वर्षं आधी.

पण डॉक्टर पाहतात ती हाडाची पक्वता, वय नव्हे. एकाच दिवशी लावलेल्या दोन आंब्यांना मोहोर वेगवेगळ्या साली येतो, तसंच हे. लहानपणी उपासमार झाली, थायरॉइड बिघडलं, दीर्घ आजार झाला, तर फट उशिरा मिटते. सर्वोच्च न्यायालयानंच १९८२च्या एका निकालात या तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरली. आता हिशेब करा: अहवालात ‘सतरा’ लिहिलं, तर मुलगा पंधराचाही असेल आणि एकोणीसचाही. दोन्ही रेघा त्या पट्ट्यात बुडाल्या!

म्हणूनच २०१५च्या बाल न्याय कायद्यानं हाडाला शेवटचं स्थान दिलं, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका वा पंचायतीची जन्मनोंद, काहीच नसेल तरच एक्स-रे.

आपल्याकडे ती जन्मनोंदही बेळगावातच असेल असं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर चंदगडचं असलं तर नोंद महाराष्ट्रात, शाळा कर्नाटकात. नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं, आणि आई-बापाला तातडीनं नक्कल काढायला धावायचं असतं ते एसटी बदलून.

वय लपलं तर काय होतं, ते पुण्यातल्या १९९४च्या हत्याकांडात दिसलं. फाशी झालेल्या एका आरोपीच्या राजस्थानातल्या शाळेची नोंद पुढे आली आणि मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती ग्राह्य धरली: गुन्ह्याच्या वेळी वय साडेबारा. तोवर त्यानं अठ्ठावीस वर्षांहून जास्त तुरुंगवास भोगला होता.