दोन डोसांचा कायदा आणि ओमिक्रॉन

जानेवारी 2022. ब्रिटनचे आरोग्यमंत्री साजिद जाविद लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये आले होते, कॅमेरे सुरू होते. लससक्तीबद्दल काय वाटतं, असं त्यांनी विचारलं आणि आयसीयूतल्या एका भूलतज्ज्ञाने तोंडावरच सांगितलं: मी लस घेतलेली नाही, मला कोविड होऊन गेलाय, माझ्या शरीरात अँटिबॉडी आहेत आणि या सक्तीला पुरेसा वैज्ञानिक आधार नाही.

इंग्लंडमध्ये तेव्हा नियम मंजूर झालेला होता. रुग्णांशी थेट संबंध येणाऱ्या प्रत्येकाचे 1 एप्रिलपर्यंत दोन डोस झालेले हवेत, नाहीतर दुसरं काम किंवा घरचा रस्ता. केअर होम्समध्ये, म्हणजे वृद्धांची देखभाल करणाऱ्या निवासांमध्ये, तो 11 नोव्हेंबर 2021 पासूनच लागू होता.

वाद रंगला तो व्यक्तिस्वातंत्र्यावर. पण सक्ती करायची ती खाटेवरच्या रुग्णासाठी, म्हणजे सगळा डोलारा एका प्रश्नावर उभा होता: लस घेतलेल्या नर्सकडून विषाणू रुग्णापर्यंत पोचायचा किती थांबतो, आणि किती काळ?

दंडात टोचलेल्या लसीमुळे तयार होतात त्या मुख्यतः आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडी. त्या रक्तात फिरतात, फुफ्फुसांत खोलवर पोचतात, म्हणून माणूस व्हेंटिलेटरपर्यंत जात नाही. विषाणू मात्र शिरतो नाकाघशातून. तिथल्या ओल्या अस्तरावर पहारा असतो तो आयजीए या वेगळ्या अँटिबॉडीचा, आणि दंडातल्या सुईने ती फारशी वाढत नाही. डोसानंतर सुरुवातीला रक्तातली आयजीजी इतकी भरपूर असते की तिच्यातली थोडी झिरपून नाकापर्यंतही येते. पातळी उतरली की हे झिरपणं आटतं. फुफ्फुसं सुरक्षित राहतात, नाकाचं दार किलकिलं होतं.

हे प्रत्यक्षात दिसलं ते ब्रिटनमधल्याच ‘सायरन’ अभ्यासात. हजारो आरोग्य कर्मचाऱ्यांचे दर पंधरवड्याला स्वॅब घेतले जात, लक्षणं असोत वा नसोत. त्यामुळे एरवी कुणाच्या लक्षातही न येणारे संसर्ग नोंदले गेले. फायझरच्या दुसऱ्या डोसानंतर पहिले काही आठवडे संसर्गापासून संरक्षण 85 टक्क्यांच्या आसपास होतं. सुमारे सात महिन्यांनी ते 51 टक्क्यांवर आलं. कोविड होऊन गेल्यावर लसही घेतलेल्यांचं संरक्षण मात्र वर्ष उलटल्यावरही 90 टक्क्यांच्या वर राहिलं. कोविड झालेल्या पण लस न घेतलेल्यांचं ते वर्षभरानंतर घसरलं. त्या भूलतज्ज्ञाचं म्हणणं अर्धं खरं होतं ते असं.

डेल्टाच्या काळात लंडन आणि बोल्टनमधल्या कुटुंबांचा अभ्यास झाला. घरात रुग्ण असताना पूर्ण लसीकरण झालेल्यांपैकी 25 टक्क्यांना लागण झाली, लस न घेतलेल्यांपैकी 38 टक्क्यांना. फरक आहे, पण कुणाला नोकरीवरून काढण्याइतका आहे का, यावर प्रामाणिक माणसांचेही मतभेद होऊ शकतात. वॉर्डात ऐंशी वर्षांचे, किमोथेरपी चालू असलेले रुग्ण असतील तर माझ्या मते डेल्टापुरता आहे.

मग ओमिक्रॉन आला. त्याच्या काटेरी प्रथिनात तीसहून जास्त बदल होते आणि जुन्या अँटिबॉडी त्याला नीट पकडू शकत नव्हत्या. दोन डोसांनंतर सहाएक महिन्यांनी, लक्षणं दिसणाऱ्या आजारापासूनचं संरक्षण ब्रिटिश आकडेवारीत 10 टक्क्यांच्या आसपास उरलं. बूस्टर घेतला की ते काही आठवडे पुन्हा चांगलं वाढे. आणि कायद्यात बूस्टरचा उल्लेखच नव्हता! बहुतेक कर्मचाऱ्यांचा दुसरा डोस 2021 च्या पूर्वार्धातच झालेला. म्हणजे संरक्षण जवळपास ओसरलेला माणूस नियमात बसत होता, आणि नुकताच आजारातून उठलेला बिनलशीचा माणूस नियमाबाहेर.

इकडे सरकारच्याच अंदाजानुसार आरोग्यसेवेतले सुमारे 73 हजार लोक जाणार होते, तेही आधीच माणसं कमी असताना. 31 जानेवारीला जाविद यांनी माघार जाहीर केली: नियम केला तेव्हा जवळपास सगळा संसर्ग डेल्टाचा होता, आता तो ओमिक्रॉनचा आहे. 15 मार्चला नियम रद्द झाला. केअर होम्समधल्या अनेकांची नोकरी तोवर गेलेली होती.

आपल्याकडे 16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासूनच, पण केंद्राने लस ऐच्छिक ठेवली. वर्षभराने, ओमिक्रॉनच्या लाटेत, मुंबईतले निवासी डॉक्टर शेकड्यांनी पॉझिटिव्ह आले. 10 जानेवारी 2022 पासून त्यांना खबरदारीचा डोस, म्हणजे बूस्टर, मिळू लागला, तोवर लाट डोक्यावरून चालली होती.

नियम कसा असावा, याचा नमुना हिपॅटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजारात आहे. लस न घेतलेल्या नर्सला बाधित रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीची तीच 0.3 टक्के. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रिया करणाऱ्यांचं नुसतं प्रमाणपत्र पाहत नाहीत. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासतात. अँटिबॉडी 10 युनिटच्या खाली आल्या तर त्या माणसाला आधीच विषाणूची लागण आहे का ते पाहतात, आणि नसेल तर डोस पुन्हा पहिल्यापासून देतात.